अप्पांचं पहिलं ‘नको’

अप्पा, तुमच्या खुर्चीत मी बसलेय. आधीच सांगून टाकते, नाहीतर म्हणाल, विहीणबाई माझी पाठ फिरायचीच वाट बघत होत्या. तुम्ही गेल्यापासून सगळे त्या खुर्चीला वळसा घालून जात होते. तुमचा मंदार तर तिच्याकडे बघितलं की चष्मा पुसायला लागायचा. म्हटलं, खुर्ची आहे, देव्हारा नव्हे. खिडकीचा वारा लागतो, खालच्या हॉकर सेंटरमधनं, त्या खाण्याच्या गाळ्यांतनं, तळलेल्या लसणीचा वास येतो, समोरच्या ब्लॉकमध्ये कोण काय वाळत घालतंय ते दिसतं. चांगली जागा धरून ठेवली होतीत. का बसले ते शेवटी सांगते.

इथल्या मराठी मंडळाच्या अंकात तुमच्यावर पानं येणार आहेत. तुमच्या पदव्या, कुठं कुठं भाषणं दिलीत, कुठला मान मिळाला, ते सगळं मंदारनं त्यांना दिलंय. शुभा मला म्हणाली, “आई, तू पण काहीतरी लिही की. तुम्ही दोघं दिवसभर एकत्र असायचात.” मी चौथी शिकलेली. म्हटलं, मी सही करते, वरचं तुम्ही लिहा. तर आपल्या ईरानं फोन पुढ्यात ठेवला, इथल्या पोरांसारखं शेवटी ‘लाह’ लावत. “आजी, यू जस्ट टॉक लाह. फोन लिहितो.” आणि खरंच लिहितोय. म्हणजे ज्याच्याशी तुम्ही भांडत गेलात, त्याच्याच कुठल्यातरी भावाला मी तुमच्याबद्दल सांगत बसलेय. हसताय ना? हसा.

आपली ओळखच भांडणातनं झाली. भांडण तुमचं होतं, मला पत्ताही नव्हता.

लग्न इचलकरंजीत. तुम्ही मुलाचे वडील, सिंगापूरचे प्रोफेसर, गणितातले मोठे. आम्ही कापडाच्या मागावर जगलेली माणसं. शुभा शिकली, इकडं नोकरीला आली, तिनं आणि मंदारनं आपापसांत ठरवलं. आम्हाला एकच काळजी, की व्याही काय मागतील. तुम्ही काही मागितलं नाहीत. पंगतीत माझा भाचा जिलेबी घेऊन आला, तुम्ही ताटावर हात आडवा धरलात, “नको, नको” म्हणालात. पोरगं सरळ स्वभावाचं. पुढं गेलं. तुम्ही ताक-भात जेवून उठलात. आम्ही बायका आत म्हणतोय, व्याही किती साधे, गोडाला शिवले पण नाहीत.

मग शुभाला दिवस गेले आणि मी इथं आले. लेकीच्या घरी आईनं जेवायचं नाही, अशी आमच्याकडची रीत. नातवंड झाल्यावर चालतं, आधी नाही. विमानातनं उतरताना मी ठरवूनच आले होते, की सोबत पीठ आणलंय, आपलं वेगळं काहीतरी भाजून खायचं. शुभा रडायला आली. मंदारला तर रीतच माहीत नव्हती. तुम्ही या खुर्चीत बसून सगळं ऐकलंत आणि म्हणालात, “विहीणबाई, हा फ्लॅट कुणाच्या नावावर आहे?”

म्हटलं, “मला काय ठाऊक.”

“माझ्या. म्हणजे हे तुमच्या लेकीचं घर नाही. ती माझ्याकडे राहते, मंदार माझ्याकडे राहतो. तुम्ही व्याह्याच्या घरी आलायत. व्याह्याच्या घरी जेवायला कुठल्या रीतीनं मनाई आहे?”

मी पुष्कळ विचार केला. सापडेना. बसले जेवायला. पुढं या घरात माझा लांब मुक्कामाचा पास निघाला, ईरा झाली, ती वाढली, पण मी या घरात पहिला घास खाल्ला तो तुमच्या त्या हिशोबावर.

त्याच जेवणात मी तुम्हाला तूप वाढायला आले. तुम्ही हात आडवा धरलात, “नको, नको.” मी पुढं गेले. आणि तुमचा चेहरा असा झाला की मी घाबरले. “झालं,” म्हणालात, “तुमच्या मंडपात पण मला जिलेबी मिळाली नव्हती.”

“अहो, तुम्हीच नको म्हणालात ना!”

“पहिलं नको धरतात का, विहीणबाई?”

मग ते तुम्ही मला शिकवलंत, तुमच्या कॉलेजातल्या पोरांना शिकवावं तसं. पहिलं नको रीतीचं. दुसरं नको पोटाचं. तिसरं आलं तर खरं, मग हट्ट करायचा नाही. एवढा शिकलेला माणूस, आणि जिलेबीवर असा गंभीर. पण त्या दिवशी मी एक बघितलं, ते तुम्हाला कधी सांगितलं नाही. तुमचा हात ताटावर आडवा होता, पण बोटं फाकलेली होती. तूप सरळ खाली जाईल अशी. तेव्हापासनं मी तुमच्या तोंडाकडं बघायचं सोडलं. बोटांकडं बघायचे.

तुमचं काम मला सुरुवातीला काम वाटायचंच नाही. रिटायर झालात तरी करत होतात म्हणे. सकाळी खाली जाऊन कोपी, म्हणजे इथली कॉफी, प्यायची, वर यायचं, भिंतीकडं बघायचं. दुपारी भात. परत भिंत. एकदा शुभाला हळूच विचारलं, “अप्पांना डॉक्टरकडं न्यायचं का?” ती म्हणाली, “आई, ते विचार करतायत.” मागाच्या खात्यात, म्हणजे कारखान्यात, कुणी असा उभा राहिला असता तर शेठनं हाकलला असता.

माझं सगळं तुम्हाला सांगून झालं होतं. सासरे हातमागावर बसायचे. यंत्रमाग आले, त्यांचा हातमाग माळ्यावर गेला. मग माझे मालक यंत्रमागावर उभे राहिले. आवाजानं कान गेले, कापसाच्या तुसानं छाती गेली, शुभा शाळेत असताना ते स्वतःच गेले. मी कांड्या भरायला लागले, म्हणजे धोट्यात घालायचं सूत गुंडाळून द्यायचं. मग बिनधोट्याचे नवे माग आले. धोटाच नाही तर कांडी कुणाला हवी? मग वसतिगृहात भाकऱ्या थापल्या. शुभा शिकली. असं झालं, एवढंच. हे कुणालाही सांगितलं की तोंडानं च् च् करतात. तुम्ही केलं नाहीत. तुम्ही विचारलंत, “धोटा इकडून तिकडं जातो तो नेमका कसा जातो?” मी हातवारे करून दाखवलं. तुम्ही उठून कागद आणलात. मला त्या दिवशी बरं वाटलं होतं.

मग तो आला. गोडबोल्या.

हुईमिननं आणला. अंक वाचणाऱ्यांना ती माहीत नसेल म्हणून सांगते. हुईमिन ही अप्पांची जुनी विद्यार्थिनी, इथलीच, चिनी. आता स्वतः कॉलेजात गणित शिकवते. आंग मो किओला राहते, आली की चपला अगदी सरळ रेषेत काढून ठेवते, मला आँटी म्हणते आणि अप्पांना प्रोफ. बोलते इंग्रजीतच, मी बरंचसं आपल्या भाषेत करून सांगते. तिनं अप्पांच्या कॉम्प्युटरवर ते एआय का काय ते घालून दिलं. विचाराल ते सांगतो म्हणे, गणितसुद्धा.

पहिल्या दिवशी तुम्ही त्याला काहीतरी विचारलंत. ईरानं मला वाचून दाखवलं, तो म्हणत होता, किती खोल प्रश्न विचारलात, वा. तुम्ही असे खुललात! मग त्यानं भलंमोठं उत्तर लिहिलं. तुम्ही वाचायला घेतलंत, आणि चहाच्या वेळेला इथून ओरडलात, “लबाड!” मी पोळी तव्यावर टाकून पळत आले. म्हटलं, चोर शिरला. तुम्ही कॉम्प्युटरला बोट दाखवत होतात. “मधली पायरी खोटी आहे. आणि तोंड बघा कसं साळसूद!” मी बघितलं. मला काही तोंड दिसलं नाही.

तुम्ही त्याला चूक सांगितलीत. तो म्हणाला, तुमचं अगदी बरोबर आहे, माफ करा, हे घ्या दुसरं. दुसरंही खोटं. परत माफी. मी म्हटलं, “अप्पा, हा आपल्याकडचा लग्न जमवणारा आहे. मुलाला पक्की नोकरी आहे म्हणून सांगतो. चौकशी केली की म्हणतो, तुमचं बरोबर, नोकरी नाही, पण हे दुसरं स्थळ बघा.” तुम्ही इतके हसलात की खोकला आला. तेव्हापासनं त्याचं नाव गोडबोल्या.

पण खोटं कशाला बोलू, तो नुसता लबाड नव्हता. मधेच असं काहीतरी आणून द्यायचा की तुम्ही चष्मा काढून परत पहिल्यापासनं वाचायचात. एकदा कुणीतरी कधीचं लिहून ठेवलेलं, कुणी न वाचलेलं, तुमच्या कामाचं नेमकं त्यानं शोधून दिलं. तुम्ही म्हणालात, “हे मला तरुणपणी मिळालं असतं तर!” त्या दिवशी त्याला शिवी दिली नाहीत.

दुसरं यंत्र वेगळं. तेही हुईमिनचंच. ते बोलायचंच नाही. तुम्ही गणित घालायचं, पायरी पायरीनं. प्रत्येक पायरी का बरोबर, ते सांगायचं. पटलं तर हिरवी खूण, नाही पटलं तर लाल. मी विचारलं, “दोन आणि दोन चार, हे पण सांगायला लागतं?” तुम्ही म्हणालात, “ते त्याला आधीच कुणीतरी सांगून ठेवलंय, नाहीतर तेही लागलं असतं.” मी म्हटलं, ही तर माझी सासू. पीठ मळलं म्हटलं की विचारायची, पाणी कुठलं घेतलंस? कोमट म्हटलं की, कुणी कोमट केलं? तिचंही नाव पडलं. हुईमिन आपल्या कॉलेजात पण आता ‘सासू’च म्हणते, असं ईरा सांगत होती.

तुम्ही आणि हुईमिननं ठरवलं, की तुमचं ते मोठं प्रमेय सासूपुढं मांडायचं. तरुणपणी तुम्ही सिद्ध केलेलं, तुमच्या नावानं ओळखलं जाणारं. तुम्ही म्हणालात, “आता पुढची पोरं सासूची खूण बघून विश्वास ठेवणार. घालून टाकू. आठवड्याचं काम.” ऋतू गेले त्यात. इथं ऋतू कळत नाहीत म्हणून नुसतं म्हणायचं. पण खुणा हिरव्या पडत होत्या, तुम्ही खाली जाऊन दुसरी कोपी पण पीत होतात.

आणि मग ती ओळ आली.

तुमच्या त्या जुन्या लेखात एका जागी तुम्ही लिहिलं होतंत, ‘हे उघडच आहे.’ आणि पुढं गेला होतात. सासू पुढं जाईना. लाल. हुईमिननं विचारलं, “प्रोफ, हे उघड का आहे?” तुम्ही म्हणालात, “कारण ते उघड आहे.” आमच्या सासूनं हे उत्तर ऐकून घेतलं नसतं, हिनं कशाला घ्यावं?

तुम्ही कागद घेऊन बसलात. संध्याकाळपर्यंत होईल म्हणालात. झालं नाही. दुसऱ्या दिवशी नाही. गोडबोल्याला विचारलंत, त्यानं वा वा केलं आणि खोटं दिलं. मग हळूहळू तुमचा चेहरा उतरला. मला काही कळत नव्हतं, तुम्हीच सांगितलंत. त्या ओळीवर पुढचं सगळं उभं आहे. ती पडली तर प्रमेय पडलं, आणि जगात ज्यांनी ज्यांनी त्याच्यावर आपलं रचलंय, त्यांचंही पडलं. “सगळा जन्म एका उघड्यावर बांधला होता, विहीणबाई,” म्हणालात. तुमचं दुसरं नको खरं व्हायला लागलं. बोटं मिटलेली असायची.

त्याच दिवसांत आपलं ते भांडण झालं. तुम्ही म्हणालात, “आता आमचं काय काम? हा उद्या सगळंच करायला लागेल.”

मी म्हटलं, “फोल्डिंगला जा.”

“म्हणजे?”

“कापड विणून झालं की टेबलावर पसरतात. डाग कुठाय, तार कुठं तुटलीय, ते बघतात आणि घडी घालतात. मागावरचं काम गेलं की माणसं तिथं जातात.”

तुम्ही इतके रागावलात की ताट घेऊन आतल्या खोलीत गेलात. मग परत आलात, तोंड धुऊन, उत्तर तयार करून. “माग कितीही चांगला असला तरी काय विणायचं, हे माग ठरवत नाही.”

“आमच्यात शेठ ठरवायचा.”

“मग इथला शेठ कोण?”

“शिकलेले तुम्ही. तुम्ही सांगा.”

ते भांडण तिथंच राहिलंय, अप्पा. आणि मी एक गिळलं होतं, ते आज बोलते. माझे मालक कापडाच्या काठावरनं अंगठा फिरवायचे. नुसता. काही बघायचे नाहीत, डाग नाही, तार नाही. आपल्या हातनं उतरलं म्हणून फिरवायचे. माग गेले तेव्हा पगार गेला म्हणून सगळे रडले, अंगठ्याचं कुणी विचारलं नाही. तुम्ही त्या ओळीवर बोट फिरवत बसायचात, तेव्हा मला तो अंगठा दिसायचा. पण व्याह्याला असं कुठं बोलतात? म्हणून फोल्डिंगला जा म्हटलं.

कुणाला वाटेल, माझ्या असल्या बोलण्यातनं तुम्हाला गणित सुचलं. तसलं काही झालं नाही. तुम्ही मला ती ओळ दोनदा समजावलीत, मी दोन्ही वेळा वाटाणे सोलले. तुम्हाला काही सुचलं नाही, मला काही कळलं नाही. वाटाण्याची उसळ चांगली झाली.

मग तुमचं दुखणं निघालं. हॉस्पिटलात तुम्ही नवीनच त्रास दिलात. सिस्टर येऊन दुखतंय का विचारायची, “अंकल, पेन?” तुम्ही, “नो, नो.” ती लिहून घ्यायची, नो पेन, आणि जायची. तुम्ही चादर मुठीत धरलेली. मी एकदा बघितलं, दुसऱ्यांदा उठले. म्हटलं, “सिस्टर, आस्क अगेन.” तिनं विचारलं. तुम्ही म्हणालात, लिटल बिट. मी तिला परत खूण केली. तिसऱ्यांदा म्हणालात, येस. तेव्हा कुठं औषध मिळालं. दुखण्यालासुद्धा आग्रह लागायचा तुम्हाला. पण डॉक्टरांनी मंदारला बाजूला नेऊन सांगितलं, की घरी न्या, आवडीचं खायला घाला. त्याचा अर्थ मला इंग्रजीतनंही कळला.

तुम्ही घरी आलात, पलंग इथं खिडकीशी लावला. आणि एका दुपारी हुईमिन धावत आली. चपला वाकड्यातिकड्या टाकल्या, तेव्हाच मला कळलं काहीतरी झालंय.

तिनं दोन्ही यंत्रांची गाठ घालून दिली होती. गोडबोल्यानं काहीतरी सांगायचं, सासूनं लाल करायचं. त्यानं परत सांगायचं, हिनं परत लाल. माणूस असता तर पळून गेला असता. त्यांना काय, लाज ना भूक. आणि शेवटी सासूनं हिरवी खूण दिली. ती ओळ खरी होती. तुमचं प्रमेय उभं होतं.

“इट्स ट्रू, प्रोफ,” हुईमिन म्हणाली. तुम्ही डोळे मिटलेत. शुभा रडली, मंदारनं चष्मा पुसला. मग हुईमिननं पिशवीतनं कॉम्प्युटर काढला आणि विचारलं, “प्रोफ, ते कसं झालं, बघायचंय?”

तुम्ही हात आडवा धरलात. “नो नीड, नो नीड. यू आर बिझी.”

ती चांगल्या घरची पोर. इथं नको म्हणजे नको असतं, त्यात त्यांचं काही चुकत नाही. “ओके प्रोफ, यू रेस्ट,” म्हणाली, कॉम्प्युटर पिशवीत घातला आणि गेली.

आणि तुम्ही रुसलात. अगदी मंडपातला चेहरा. चहा नको, खिडकी नको, ईराचं गाणं नको. मंदार म्हणाला, “बाबांचं मन मोडलंय. आयुष्यभराचं काम मशीननं पुरं केलं, ते कसं बघवेल?” शुभा म्हणाली, तो विषयच काढायला नको. दोघं शिकलेली, खोल बोलतात. मला एवढंच दिसलं होतं, की हात आडवा धरलात तेव्हा बोटं फाकलेली होती.

पण अप्पा, खरं सांगू, माझी खात्री नव्हती. जिलेबी वेगळी आणि हे वेगळं. मंदार म्हणतो तसंही असेल. मी आग्रह करायला जायचे आणि तुमच्या शेवटच्या दिवसांत तुम्हाला नको ते दाखवायचे. आणि तुम्हाला सरळ विचारायचं, तर विहिणीनं व्याह्याला असं विचारतात होय? पण दुसऱ्या बाजूनं, वाट बघायला तुमच्याकडं दिवस नव्हते. उत्तर आंग मो किओला एका पिशवीत पडलंय, तुम्ही इथं भिंतीकडं बघताय, आणि मधे काय, तर एक रीत. मी ईराकडनं फोन लावून घेतला.

“हुईमिन, यू कम.”

“आँटी! प्रोफ ओके?”

“ओके. यू कम, आस्क अगेन.”

“बट ही सेड नो, आँटी.”

“दॅट इज फर्स्ट नो.”

मग तिनं विचारलं, “आँटी, हाऊ मेनी नो गॉट?”

“थ्री. थर्ड नो, यू गो होम.”

दुसऱ्या दिवशी ती शिकवून सरळ इकडं आली. मी स्वयंपाकघराच्या दारात उलथनं घेऊन उभी. तिनं विचारलं, “प्रोफ, दाखवू?”

“नको गं, तुझी मुलं आहेत, कामं आहेत.”

तिनं माझ्याकडं बघितलं. मी उलथन्यानं खूण केली, परत.

“प्रोफ, त्रास काही नाही.”

तुम्ही तोंड फिरवलंत. “मशीननं लिहिलेलं. घाणेरडं असणार. कोण वाचणार ते?” आवाज खरा होता, अप्पा. हात तर चादरीखाली होते. मला बोटं दिसेनात. मी मनात म्हटलं, झालं, चुकलं आपलं, मंदारचंच बरोबर.

हुईमिननं तिसऱ्यांदा विचारलंच नाही. ती पलंगाच्या काठावर बसली, कॉम्प्युटर उघडला, आणि रडवेल्या आवाजात म्हणाली, “प्रोफ, मला पहिलंच पान कळत नाहीये.”

तुम्ही मान वळवलीत. “कुठली ओळ?”

आग्रह असाही करता येतो, हे एवढ्या पंगती वाढून मला सुचलं नव्हतं.

मग ती रोज यायला लागली. ती वाचायची, तुम्ही डोळे मिटून ऐकायचात, आणि शिव्या द्यायचात. काय कुरूप लिहिलंय. हे काय, सरळ रस्ता सोडून पार त्या बिदादरी वस्तीला वळसा? मंदार दारात उभा राहून बघायचा, चष्मा पुसायचा. शिव्या देताना तुम्ही पेज खायला लागलात. एका दुपारी मधेच थांबवलंत तिला. “परत वाच.” तिनं वाचलं. तुम्ही हसायला लागलात, पोरासारखे. मला हाक मारलीत, “विहीणबाई, या इकडं. त्यानं इथं जे केलंय ना, ते मला सात जन्मांत सुचलं नसतं.”

“मग वाईट वाटलं का?”

“वाटलं. आणि मजा पण आली. दोन्ही एकदम.” मग जरा वेळानं म्हणालात, “मी जन्मभर उघड आहे म्हणत होतो. उघड नव्हतं हो.”

“मग काय होतं?”

“खरं होतं. नुसतं खरं होतं.”

पुरं वाचून व्हायच्या आधी तुम्ही गेलात. दुपारी, ईरा शाळेतनं यायच्या वेळेला. हुईमिन नेहमीच्या वेळेला आली, लिफ्टमधनं बाहेर पडली, दाराबाहेर एवढ्या चपला बघितल्या आणि पिशवी छातीशी धरून तिथंच उभी राहिली.

आपल्या दोघांतही पुष्कळ ‘उघडच आहे’ होतं, अप्पा. तुम्ही कधी जेवण चांगलं झालं म्हणाला नाहीत, मी कधी उपकार झाले म्हटलं नाही. व्याही-विहिणीत ते सांगायचं नसतंच. पण तुमच्या सासूनं सांगून ठेवलंय, उघड म्हणून पुढं जायचं नाही. तर सांगते, पायरी पायरीनं. तुम्ही मला या घरात ओशाळी होऊ दिलं नाहीत. माझ्या दुःखाला च् च् केलं नाहीत, धोटा विचारलात. मी तुमच्यासाठी रोज शिजवलं ते शुभाचे सासरे म्हणून नव्हे, तुम्ही होतात म्हणून. आता घाला हिरवी खूण.

आणि एक घोळ करून ठेवलात. तुम्ही गेल्यावर पहिल्यांदा ताट पुढं आलं आणि माझ्या ध्यानात आलं, की तुमच्या हिशोबानं आता हे घर मंदारचं, म्हणजे माझ्या लेकीचं. नातवंड झाल्यावर चालतं, हे मला ठाऊक आहे, पण मी तर तुमच्या हिशोबावर जेवत होते. हात उचलेना. ईराला कारण सांगितलं. तिनं टेबलावरचा कागद उचलला. “लाइटचं बिल अजून आजोबांच्याच नावानं आलंय लाह. सो ईट.” तुमचीच नात. जेवले.

आता खुर्चीचं. हुईमिन परत आली, कालच. दारातच विचारलं, “आँटी, थोडंसंच राहिलंय. मी इथं बसून वाचलं तर चालेल?” तिनं कॉम्प्युटर उघडला, पण रिकाम्या खुर्चीला वाचून कसं दाखवायचं, म्हणून परत मिटला. म्हणून मी बसले. कुणीतरी ऐकायला हवं ना. ती वाचत होती, मी मेथी निवडत होते. मधे थांबून विचारलं, “आँटी, अंडरस्टँड?” म्हटलं, “नो. नेक्स्ट लाइन.”

मंदारनं लिटल इंडियातनं जिलेबी आणली होती. तुमच्या फोटोपुढं ठेवली, मग हुईमिनला वाढली. तिनं खाल्ली. मी परत वाढायला गेले, तर तिनं ताटलीवर हात आडवा धरला. “इनफ, आँटी, इनफ.”

मी थांबणार होते. इथं नको म्हणजे नको असतं. मग तिच्या हाताकडं बघितलं.

बोटं फाकलेली होती.